गाळून टाकलेला खर्ज

ज्वारी कोणत्या गिरणीत न्यायची हे ते पिठावरून ठरवीत नसत. गिरणीच्या आवाजावरून ठरवीत. भिंगारच्या वाटेवर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पांढऱ्या फरश्यांची नवी गिरणी होती. तिचे पीठ रेशमासारखे उतरे. पण ती त्यांना चालत नसे. "ही किंचाळते," ते म्हणत. मग दळणाचा डबा पार माळीवाड्याकडच्या एका जुन्या, काळवंडलेल्या गिरणीत जाई. तिथले पीठ भरड, मधूनच दाताखाली कच देणारे. पण ती गिरणी एका खोल स्वरावर सुरू होई आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत तो स्वर सोडत नसे. ते दाराशी, पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर डोळे मिटून बसत. डबा भरून झाकण लागले तरी उठत नसत.

स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नेवाशाकडच्या होत्या. परातीत पाणी घालता घालता त्यांचे सुरू होई. "पीठ हाय का मुरूम? भाकर थापू का भिंत लिंपू? गिरनी गानं म्हनती म्हनून तिथं न्यायचं व्हय दळन?"

"म्हणते मावशी. तुम्ही एकदा येऊन ऐका."

"मला नगं. माजे दात ऐकत्यात रोज."

ते माझे घरमालक होते. मी नगरला कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या दगडी घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असे कुणीतरी सांगितले. मी गेले. त्यांनी माझे गाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही, सामिष-निरामिष विचारले नाही. उंच, वाकलेले, पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. बोटांची पेरे आल्याच्या गाठींसारखी सुजलेली. वेताच्या खुर्चीत बसून ते म्हणाले, "बाई, या व्हरांड्यातून एकदा त्या टोकापर्यंत जाऊन या."

मला वाटले, तिकडे काही दाखवायचे असेल. मी गेले आणि आले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"घाई नाही," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "राहा. तुम्ही वर राहणार म्हणजे तुमची पावलं माझ्या डोक्यावर वाजणार. आधीचे बँकेत होते. ते चालायचे म्हणजे चिल्लर सांडायची."

त्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या आड, माणसाहून उंच असा तो उभा असे. डबल बास. व्हायोलिनच्या घराण्यातला थोरला, रुंद खांद्यांचा, मधासारख्या काळसर रंगाचा. त्याला वाजवणारा त्याच्या मागे उभा राहतो आणि एखाद्या थकलेल्या माणसाला सावरावे तसा त्याला अंगाशी धरून वाजवतो. मावशी त्याला 'ढोलं' म्हणत. त्याच्यावरची धूळ पुसताना त्याच्याशी भांडत. "सरक की जरा. न्हाई सरकत? बस मग तसाच, नवरदेवावानी."

आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत काढली होती. हॉटेलांतल्या जॅझच्या बँडांत, रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंत ते वाजवत. पत्नी गेल्यावर ते नगरला, वडिलांच्या घरी परत आले. त्या दिवसांच्या गोष्टी ऐकायला मिळतील या आशेने येणाऱ्यांची ते निराशा करत. कोण कोण भेटले, कुणाबरोबर वाजवले, यांतले काही सांगत नसत. "तिथे मी होतो," एवढेच म्हणत. "बास कुणी ऐकायला येत नाही. नसला तर मात्र लोकांना कळतं, की काहीतरी पडलं. काय पडलं ते कळत नाही."

त्यांनी मला ऐकायला शिकवले. मी कवितेच्या छंदांवर पोसलेली. माझे कान वरच्या वर, यमकांच्या फांद्यांवर उड्या मारणारे. ते म्हणाले, "कान राहू द्या. हात ठेवा इथे." मी त्या लाकडाच्या फुगीर कुशीवर तळवा ठेवला. त्यांनी सर्वांत जाड तार ओढली. प्रथम काहीच ऐकू आले नाही. मग तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात, आणि तिथून बरगड्यांच्या आत कुठेतरी एक काळोखी ऊब पसरली. विहिरीत वाकून पाहताना चेहऱ्याला लागणारा गारवा असतो ना, तो जर उबदार असता तर. तो स्वर संपला कधी हे मला सांगता आले नाही. "संपत नाही तो," ते म्हणाले. "आपलं लक्ष संपतं."

नगरचा उन्हाळा हा त्यांचा शत्रू होता. मार्चपासून हवा इतकी कोरडी होते की दारे चौकटीत सैल होतात, ओठांना भेगा पडतात. तसल्या हवेत लाकूड फाटते. नळाला पाणी एक दिवसाआड येई, आणि पहिला तांब्या बासचा असे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माठ, खिडकीला वाळ्याचा पडदा, आणि पोटावरच्या नक्षीदार फटींतून आत सोडलेल्या ओल्या चिंध्या. वाळ्याचा तो हिरवट, मातकट वास त्या खोलीला कायम असे. मला अजून कुठे वाळा हुंगला की खर्ज ऐकू येतो. एकदा पाणी चार दिवस आले नाही, तेव्हा मावशी उखडल्या. "आमी गुळन्या भरायला पानी मागतो, आन ह्यो लाकडाचा म्हसोबा थंडगार पितुया!" त्यावर त्यांनी आपल्या वाट्याचे पाणी मावशींना देऊन टाकले. बासचे दिले नाही.

रविवारी ते चर्चमध्ये जात आणि तिथे त्यांच्यामुळे गोंधळ होई. गाणे सुरू झाले की सारी मंडळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या वाजवत. हे दुसऱ्या आणि चौथ्या. मुद्दाम नव्हे, त्यांचे हातच तसे पडत. त्यांच्या बाकावरची माणसे आधी बावरत, मग हळूहळू त्यांच्या बाजूला जात. मग पुढचा बाक डळमळे. पाळकसाहेब एकदा दाराशी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आपल्या मंडळीत फूट पडलीय अशी तक्रार आहे. चौथ्या बाकापासून मागे वेगळा पंथ निघालाय म्हणतात." ते मनापासून हसले, आणि पुढच्या रविवारी हात मांडीखाली घालून बसले. पाय मात्र त्यांना आवरता आला नाही.

गणपतीत आमच्या रस्त्याने मिरवणुका जात. ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंती, खिडक्यांच्या काचा थरथरत, कुत्री पलंगाखाली शिरत. सारा रस्ता कानांवर हात ठेवून असे. हे मात्र खोलीत जाऊन बासजवळ उभे राहत. एकदा त्यांनी मला बोलावले. कुणी हात न लावता त्याच्या तारा गुणगुणत होत्या. बाहेरच्या त्या दणक्यातला खालचा स्वर भिंतींतून झिरपून आत येत होता, आणि कोपऱ्यातले ते लाकूड त्याला मंद, झोपेतला हुंकार देत होते.

"गाणं कसलंही असू दे," ते म्हणाले. "खाली कुणी बोलवलं, की हा उत्तर देतो. न बोलवता नाही."

आणि त्यांचा एक डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचे चित्र पार पुसलेला. त्यात टेपची काही रिळे होती. नगरमध्येच, मिशनच्या शाळेच्या हॉलमध्ये, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेले रेकॉर्डिंग. त्यांचा एक पियानो वाजवणारा मित्र मुंबईहून मुद्दाम आला होता; शाळेचा हॉल रिकामा होता, हॉलमध्ये एक बरा पियानो होता, आणि कुणाचे तरी टेपचे यंत्र उसने आणले होते. काही तुकड्यांत एक गिटारवालाही होता. पण बहुतेक सारे दोघांचेच. पियानो आणि बास. ढोल नाही, गाणारे नाही.

"दोघांत लपायला जागा नसते," ते म्हणत. "मोठ्या बँडात तुम्ही मेलात तरी गाणं संपेपर्यंत कुणाला कळत नाही."

त्यांतल्या पहिल्या रिळाबद्दल ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. "सुरुवात मी करायची असं ठरलं होतं. थोडं वाजवायचं आणि मग तो येणार. मी वाजवलं. तो आला नाही. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. मला वाटलं, आता येईल. नाही आला. मग मी वाट बघणं सोडलं, बाई. आणि मग जे वाजलं..." इथे ते नेहमी थांबत. "आयुष्यात एकदाच मी जसं वाजवायला हवं तसं वाजवलं आहे. ते त्या डब्यात आहे."

तो मित्र पुढे वारला. टेपचे यंत्र बिघडले, त्याचे भाग मिळेनात. ती रिळे त्यांनी एकदाही ऐकली नव्हती. मी एकदा म्हटले, "काका, पुण्याला कुणाकडून तरी उतरवून घेऊ या." ते म्हणाले, "असू दे. आहे म्हणजे पुरे. घरात विहीर आहे हे माहीत असलं, की माणसाला उगाच तहान लागत नाही."

त्यांची एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात होती. वडिलांच्या पंचाहत्तरीला ती आली, आणि आल्या आल्या तिने मला बाजूला घेतले. डोळे चमकत होते. मागच्या सुट्टीत आली होती तेव्हाच तिने तो डबा कपाटातून गुपचूप काढून सावेडीतल्या एका दुकानात दिला होता. लग्नांचे व्हिडिओ करणारे, जुन्या कॅसेटी उतरवून देणारे दुकान. "ताई, पप्पांना काही बोलू नका. सगळं झालंय. दुकानदार म्हणाला, टेप फार खराब होती, पण त्याने साफ करून दिलंय. पप्पा रडतील बघा."

अंगणात कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. चर्चची मंडळी, शेजारी, मावशी आणि त्यांची सून. केक कापून झाल्यावर मुलीने मोबाईलला जोडलेला एक छोटा, निळा स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, डोळे मिटा."

काही ऐकू आले नाही. बराच वेळ. कुणीतरी म्हणाले, "चालू झालं का?" एका गृहस्थांनी वाकून बटण चाचपले. मुलगी म्हणाली, "चालू आहे, थांबा ना." कान अगदी जवळ नेला असता तर कदाचित काही जाणवले असते: मधूनच एक बारीक टक्, एक कुरकुर. मग अचानक पियानो आला. स्वच्छ, धुतलेला, काचेच्या मण्यांसारखा. मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला. "वा! किती गोड!" पाळकसाहेब मान डोलावू लागले. पियानो दोन पावले चाले आणि थांबे, जणू कुणाला वाट देई. त्या वाटेने कुणी येत नसे. मग तो पुन्हा चाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी डोळे उघडले नव्हते. त्यांचा डावा हात मात्र छातीपाशी उचलला गेला होता आणि सुजलेली बोटे हवेत, नसलेल्या तारांवर, चालत होती. मग ती थांबली. हात सावकाश मांडीवर उतरला.

"पप्पा? सुरुवातीला काहीच का नाही?"

त्यांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिले, की मला वाटले आता सांगतील. "आहे, बेटा," ते म्हणाले. "सुरुवातीला मी एकटाच आहे. खर्जात आहे, हळू. स्पीकर लहान आहे ना, म्हणून." आणि त्यांनी तिला जवळ घेतले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मुलगी रडली. ते रडले नाहीत.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याखाली उभे राहिले. "बाई, स्कूटरवर मागे बसवाल का मला? सावेडीला जायचंय."

दुकानदार पन्नाशीचा, मोकळा, अगत्यशील माणूस होता. त्याने खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला. "सर, कसं वाटलं? पार चकाचक करून दिलं का नाही? काय अवस्था हुती टेपची, काय सांगू."

"टेपा कुठे आहेत?"

त्याने डबा आणून दिला. रिळे त्यात होती. पण फीत पारदर्शक झाली होती, आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी साचली होती. "एकदाच चालली बघा. जशी चालंल तसं वरचं सगळं गळून पडत हुतं. मी म्हटलं, आता थांबायचं न्हाई, एका दमात उतरवून घ्यायचं. घेतलं. पण आवाज! नुसती घरघर. गिरणी चालल्यावानी. पहिले काही मिनिटं तर दुसरं कायच न्हाई, फक्त घरघर."

 चहा आला.

"आता सॉफ्टवेअरचं कसं असतं सर, त्याला नमुना द्यावा लागतो. हा आवाज म्हंजे खराबी, असं दाखवून द्यावं लागतं. मग जिथं जिथं तो असंल तिथून ते काढून टाकतं. बाकीच्यांच्यात शोधावं लागतं नमुना कुठं मिळतोय. तुमच्या टेपला सुरुवातीलाच मिळाला. नुसती घरघरच. तीच दिली. पियानो बघा मग कसा निघाला, आंघोळ घातल्यावानी."

मला वाटते, मी काहीतरी बोलू लागले होते. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"साफ करायच्या आधीची प्रत?"

"ती उडवली सर. लग्नसराई हुती, जागा पुरत न्हाई." मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून त्याचा आवाज उतरला. "का? काय चुकलं का?"

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही काळजीपूर्वक केलंत." त्यांनी चहाचा कप न पिताच बाजूला ठेवला. "फक्त एक विचारतो. ती पहिली घरघर. तुम्ही ऐकलीत. सगळी?"

"ऐकली की. ऐकावीच लागती."

"कशी होती?"

दुकानदार हसला, मग हसू विरले. पृथ्वीच्या पाठीवर ते वादन ऐकलेला तो शेवटचा माणूस होता, आणि हे त्या खोलीतल्या आम्हा दोघांना कळत होते, त्याला नाही.

"कशी म्हंजे... एकसारखी नव्हती. हलायची. खाली जायची, अन् मग थांबायची जरा, अन् पुन्हा." त्याने डोके खाजवले. "खरं सांगू का सर? ऐकता ऐकता मला जरा पेंग आली. बरं वाटत हुतं. लहानपणी आजोबांच्या मोटेजवळ झोपायचो, तसं."

"गुणगुणून दाखवाल?"

"मी? आहो, मला कुठं..."

"जसं येईल तसं."

त्या माणसाने एकदा दाराकडे पाहिले, कुणी गिऱ्हाईक नाही याची खात्री केली, आणि शरमेने लाल होत, घशातल्या घशात, तीन-चार स्वर म्हटले. खाली, आणखी खाली, एक थांबा, मग किंचित वर. ते पुढे वाकून ऐकत होते. ओठ उघडे, श्वास रोखलेला. एखाद्या पोरक्या मुलाने आईला पाहिलेल्या माणसाकडे पाहावे तसे.

"पुन्हा एकदा."

त्याने पुन्हा म्हटले. या वेळी थांबा चुकला.

मी त्यांना परत घेऊन आले. घराच्या फाटकाशी उतरून ते म्हणाले, "तिला कळता कामा नये. कधीही. तिने प्रेमाने दिलंय." मग बिस्किटांचा डबा छातीशी धरून आत गेले.

त्यानंतर ते अधूनमधून सावेडीला जात. रिक्षाने, एकटे. काय बोलत असतील ते मला ठाऊक होते. एकदा त्यांच्या आग्रहावरून मीही गेले. दुकानदाराने आता लाज टाकली होती. समोर बसून, मांडीवर ताल धरून त्याने म्हणून दाखवले. त्यात मिरवणुकीतल्या एका गाण्याची चाल सरळ येऊन बसली होती. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. येतो." पुन्हा कधी गेले नाहीत.

मग त्यांनी स्वतः वाजवून पाहिले. दुपारी, कॉलेजातून परतताना, मला जिन्यात ते ऐकू येई: मोबाईलवरचा तो धुतलेला पियानो, आणि त्याच्याखाली चाचपडणारी जाड तार. पियानो वाट द्यायला थांबे. तार उशिरा पोचे. पियानो पुढे गेलेला असे. सुजलेल्या सांध्यांची बोटे तारेला खालपर्यंत दाबू शकत नसत, मग स्वराऐवजी नुसते लाकूड बोले.

एका संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा ते बासच्या शेजारी, जमिनीवर बसले होते. हात मांड्यांवर उताणे.

"काका, तुम्हालाच तर ठाऊक आहे तुम्ही काय वाजवलं होतं."

"तोच तर घोटाळा आहे, बाई. पियानोवाल्याचं मला सगळं आठवतं. प्रत्येक बोट आठवतं. ही फाईल नसती तरी चाललं असतं. त्याचा पियानो माझ्या डोक्यात आहे. मी त्याला ऐकत होतो ना. माझ्याकडे कुठे लक्ष होतं माझं?" थोड्या वेळाने म्हणाले, "मला ऐकत होता तो. तो गेला. मग टेप ऐकत होती. मग तो सावेडीचा माणूस."

मी सांत्वनाचे काही बोलले असेन. ते काय होते हे आता आठवत नाही, आठवण्याजोगे नसावे. त्यांनी नम्रपणे मान हलवली होती, एवढे आठवते.

दर रविवारी मुलीचा फोन येई. व्हरांड्यात बसून ते मोठ्याने बोलत, म्हणून वरपर्यंत ऐकू येई. "ऐकतो की, बेटा. रोज ऐकतो. ... नाही गं, आवाज चांगला आहे. स्पीकर लहान आहे एवढंच. ... नको नको, मोठा पाठवू नकोस. घर लहान आहे. काचा हलतील." 

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी माठ भरले नाहीत. वाळ्याचा पडदा सुकून त्याची टोके गळू लागली. मावशींनीच एकदा, कुणी न सांगता, तांब्याभर पाणी आणून चिंध्या भिजवायला घेतल्या. ते म्हणाले, "राहू द्या मावशी." मावशी तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आवं, तडकंल की त्यो."

"तडकू दे."

"असं कसं? एवढी वर्सं पाजलं त्येला." आणि मग, भांडायचे सोडून, पदराने डोळे पुसत त्या चुलीकडे गेल्या.

तो तडकला तेव्हा मी घरी होते. भर दुपार, रस्ता निपचित. खालून एक कोरडा, मोठा आवाज आला, जळणाचे लाकूड गुडघ्यावर मोडावे तसा. पूर्वी त्या खोलीत नुसते किरकिरले तरी ते झोपेतून उठून धावत. मी खाली उतरून पाहिले. बासच्या पोटावर, वरून खाली, एक फट उघडली होती. आतले कोवळे, फिकट लाकूड प्रथमच उजेडात आले होते. ते व्हरांड्यात खुर्चीत जागे होते. उठले नव्हते.

पावसाळा लागला आणि एका दुपारी ते त्याच खुर्चीतून उठलेच नाहीत. मावशी चहा घेऊन गेल्या होत्या.

दफन लगेच करावे लागले. मुलगी दोन आठवड्यांनी पोचली. स्मरणार्थ उपासना तिने चर्चमध्ये न ठेवता मिशनच्या शाळेच्या त्या हॉलमध्ये ठेवली. "पप्पांनी जिथे वाजवलं तिथेच." खिडक्यांबाहेर पाऊस सरळ पडत होता, ओल्या भिंतींना खडूचा वास होता. भिंतीशी तो पियानो अजून होता, कुलूप लावलेला. मंचाच्या एका बाजूला तिने बास आणवून उभा केला होता. तडा दिसू नये म्हणून पांढऱ्या फुलांची एक माळ त्याच्या पोटावरून सोडली होती. मी त्याच्या लगतच्या खुर्चीवर बसले.

आणि मंचाच्या दोन्ही अंगांना, छतापर्यंत, काळ्या स्पीकरांच्या भिंती होत्या. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचतात तसल्या.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "पप्पा नेहमी म्हणायचे ना, स्पीकर लहान आहे म्हणून. मला फार लागून राहिलं होतं ते, ताई. एकदा तरी त्यांना नीट ऐकू या. मांडववाल्याला म्हटलं, तुमच्याकडचे सगळ्यात मोठे आणा."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग त्यांनी खूण केली आणि मांडववाल्याने बटण दाबले.

सारा हॉल शांत झाला. पावसाचा आवाज मागे सरला. त्या काळ्या भिंतींतून आधी एका खुर्चीची कुरकुर आली, मोठी, खोलीभर. मग एक श्वास. मग तारेवर पडलेल्या बोटाचा खटका: टक्. स्वर नाही, नुसते बोट. पुन्हा टक्. थोडा थांबा. पुन्हा श्वास, या वेळी दीर्घ, नाकातून घेतलेला, एखादे जड ओझे उचलण्यापूर्वी घेतात तसा. मंडळी मान खाली घालून बसली होती. त्यांना वाटले असावे, ही शांतता मुद्दाम ठेवली आहे.

"ताई," मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "सुरुवातीला पप्पा एकटेच आहेत ना?"

"हो."

"मग कधी सुरू होतात?"

माझा तळवा बासच्या कुशीवर होता. तो तिथे कधी गेला हे मला कळले नव्हते. माळेची ओली फुले मनगटाला लागत होती. लाकूड थंड होते. खाली कुणी बोलवत नव्हते, आणि ते उत्तर देत नव्हते.

पुन्हा एक श्वास आला.

"हे पप्पा," मी म्हटले.

तिने मान हलवली. माझा दुसरा हात घट्ट धरला, डोळे मिटले, चेहरा त्या मोठ्या स्पीकरांकडे किंचित वर केला आणि ती वाट पाहू लागली. टक्. टक्. श्वास.

मग पियानो आला.